घरी कोणी सांगितलं?

बिरादार, तू असतास तर पहिला प्रश्न हाच विचारला असतास. कोणी मारलं, कशाने मारलं, पकडला का, हे सगळं नंतर. आधी, "घरी कोणी सांगितलं?"

गेल्या तीन आठवड्यांत तुझ्याविषयी बरंच छापून आलं. भरतीचं वर्ष, पदकं, कुठल्या कुठल्या ठाण्यांत काम केलंस, मानवंदनेला कोण आलं होतं. त्यात दोन चुका आहेत, त्यातली एक आमच्याच पेपरातली. ते सगळं मी इथे पुन्हा लिहीत नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुठेच आलेलं नाही. घराबाहेरच्या माणसांपैकी ते पूर्ण फक्त मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

तुझी-माझी पहिली भेट आमच्या हिमायतनगरच्या कचेरीत झाली. मी इंग्रजी पेपरात गुन्ह्यांच्या बातम्या करत होतो, अजूनही तेच करतो. आदल्या दिवशी संध्याकाळी नारायणगुड्याच्या चौकात एक मुलगा बसखाली गेला होता. रुग्णालयात त्याच्या पाकिटातलं ओळखपत्र मी पाहिलं, नाव वहीत उतरवलं, स्पेलिंग दोनदा तपासलं आणि बातमीत घातलं. नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं. त्या बातमीत एकही चूक नव्हती.

मुलाचे वडील रेल्वेतले निवृत्त कारकून. नवरा-बायको विकाराबादला लग्नाला गेलेले. तू तेव्हा नवा सब-इन्स्पेक्टर होतास. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलास तर दाराला कुलूप. शेजाऱ्यांकडे त्यांचा नंबर होता, पण असली गोष्ट फोनवर सांगायची नाही म्हणून तू तो लावला नाहीस. सकाळच्या गाडीने येणार एवढं विचारून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांच्या पायरीवर जाऊन बसलास. ते काचीगुड्याला उतरले, फलाटावरच्या स्टॉलवर रोजच्यासारखा पेपर घेतला आणि ऑटोत बसून उघडला. तुझ्यासमोर ते येऊन उभे राहिले तेव्हा पेपर त्यांच्या हातात होता.

हे सगळं तू माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगितलंस, मराठीत, कारण बातमीवरचं माझं आडनाव तू वाचलं होतंस. आवाज चढवला नाहीस. बसा म्हटलं तर बसला नाहीस. मी म्हटलं, बातमी खरी होती.

"खरीच होती," तू म्हणालास. "पण तुमचा पेपर माझ्या आधी पोचला, पेपरवाले."

आणि निघून गेलास. त्यानंतर चार महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. ठाण्यात बाकीच्या वार्ताहरांना तू खुर्ची देत होतास, चहा मागवत होतास. मला म्हणायचास, प्रेस नोट येईल. मी त्या चार महिन्यांत तुझ्याविषयी काय काय म्हणालो ते इतरांनी तुला पोचवलं असणार. नवा आहे, उतरेल, असं साधारण ते होतं.

एका दुपारी तुझा फोन आला. वेळ आहे का, विचारलंस. कशासाठी ते सांगितलं नाहीस. तुझ्या मोटरसायकलवर मागे बसवून काचीगुड्याच्या मागच्या एका गल्लीत नेलंस आणि गाडी लावताना म्हणालास, वही काढायची नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. एक सुतार बांधकामावरून पडून गेला होता. त्याचं ते घर.

दार त्याच्या बायकोने उघडलं. तू तेलुगूत आधी नाव विचारलंस, मग नवऱ्याचं नाव, मग तो कुठे कामाला जातो ते. घर तेच आहे, बाई तीच आहे, याची खात्री झाल्यावर प्यायला पाणी मागितलंस. मला वाटलं, उन्हाचा आलास, तहान लागली असेल. ती आत गेली आणि परत आली ती सासूला आणि जावेला घेऊन. तू पाणी प्यायलास. तिला बसायला सांगितलंस, ती जमिनीवर बसली, तूही जमिनीवर बसलास. आणि पहिल्याच वाक्यात तिचा नवरा वारला असं सांगितलंस. अपघात झालाय नाही, सीरियस आहे नाही. तिचा भाऊ येईपर्यंत आपण तिथे चाळीस मिनिटं होतो. तू एकदाही घड्याळ पाहिलं नाहीस आणि देवाचं नाव घेतलं नाहीस.

बाहेर आल्यावर मी पाण्याचं विचारलं. तू म्हणालास, पोलीस दारात पाणी मागतो म्हटल्यावर आतलं माणूस उठून बाहेर येतं, बाई एकटी राहत नाही. आणि सीरियस का नाही म्हणायचं, तर दवाखान्यापर्यंत ती आशा धरून पळते. ते पळवणं आपल्याला सोपं जातं म्हणून आपण पळवतो. 'वारले' हा शब्द तुला चार भाषांत येत होता. त्या चारांतला कुठला मानाचा आणि कुठला उघडा, हेही तू शोधून ठेवलं होतंस. उर्दूतला एका मौलवींना विचारला होतास. कन्नडमधला आईला, कारण तुमचं गाव उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून.

त्या दिवसापासून आपल्यात एक रीत पडली. कोणी अपघातात किंवा खुनात गेलं आणि घरच्यांना सांगून झालं की तुझा फोन यायचा. तू एकच शब्द बोलायचास: "सांगितलं." मग मी नाव घालायचो. फोन आला नाही तर बातमीत 'एक तरुण', 'एक मध्यमवयीन महिला' एवढंच जायचं. संपादकांशी माझी यावरून बरीच वादावादी झाली. बाकीच्यांकडे नाव आहे आणि आपल्याकडे नाही, हे त्यांना पटायला काही वर्षं लागली. मग पटलं. तुझ्या हद्दीतल्या बातम्यांपुरतं सुरू झालेलं ते शहरभरच्या बातम्यांना लागू झालं. आता कचेरीत नवी मुलं येतात त्यांना पहिल्या आठवड्यात हे सांगितलं जातं. त्यांना वाटतं पेपरचा जुनाच नियम आहे. तो तुझा आहे हे त्यांना ठाऊक नाही. आजवर ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मग त्याच्या आधीची बातमीही सांगावी लागली असती.

तू मला शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणत राहिलास आणि 'पेपरवाले' म्हणत राहिलास. मी तुला 'तू' कधी म्हणायला लागलो ते आठवत नाही. बहुतेक तुझ्या घरी जेवायला लागल्यावर. घरात तुम्ही तिघंच. तू, नारायणगुड्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या सुलोचनावहिनी, आणि आई. आईंनी मला पहिल्या दिवशी न्याहाळून तुला विचारलं होतं, "ह्यो जेवतो का नुसतं इचारतो?" तू म्हणालास, दोन्ही करतो, पण आधी इचारतो. त्यानंतर त्यांनी मला प्रश्न विचारायची संधी दिली नाही. ताट संपत आलं की भाकरी येऊन पडायची. नको म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायच्या, आणि ऐकू त्यांना चांगलं येत होतं.

त्यांचा टीव्ही सकाळी लागायचा तो संध्याकाळी तू येईपर्यंत चालू असायचा. तेलुगू बातम्या. एक अक्षर कळत नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, कळायला कशाला पाहिजे, माणसं दिसतात की. तू सांगायचास, आईला शहरातले सगळे पुढारी तोंडावरून ओळखू येतात, नाव एकाचंही येत नाही.

आपलं एक भांडण मिटलं नाही. ते इथे लिहायलाच हवं.

घरातून कोणाला ताब्यात घेतलं की तू त्याला एक मिनिट देत होतास. आत जाऊन सांगून ये, म्हणायचास. आईला, बायकोला, जो कोणी असेल त्याला. स्वतः दारात उभा राहायचास. मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं आणि दोन्ही वेळा नंतर तुझ्याशी वाद घातला. ठाण्याबाहेरच्या बाकावर, तुझा चहा निवत असताना. मी म्हणत होतो, कायदा सांगतो अटक झाली की नातेवाइकांना कळवा. आरोपीला आत सोडा असं कायदा सांगत नाही.

"मी कळवलं तर घरचे म्हणतात पोलीस उचलून घेऊन गेले," तू म्हणालास. "त्याने सांगितलं तर तो सांगून गेला. फरक हाय ना, पेपरवाले."

मी म्हटलं, एखाद दिवशी मागच्या दाराने जाईल. तू हसलास. म्हणालास, जाऊ द्या की, लई लांब जात नाहीत, रात्रीला घरीच येतात. मग तू ठाण्यात आलेल्या बायांची गोष्ट काढलीस. मुलगा सकाळपासून दिसेना म्हणून या ठाण्यातून त्या ठाण्यात फिरणाऱ्या, दवाखान्यातही जाऊन आलेल्या. आणि मुलगा कुठेतरी कोठडीत बसलेला. त्या बायांना तू पाणी देत होतास म्हणे. तुझ्या मते हे आणि सुताराच्या घरी जाणं एकच काम होतं. माणूस घरातून नाहीसा झाला तर घरच्यांना ते माणसाकडून कळलं पाहिजे. मला ते एकच काम वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

आता काही जण मला म्हणतात, तुम्ही त्यांना सावध केलं होतंत. नाही. माझ्या डोक्यात मागचं दार होतं. चाकू माझ्याही डोक्यात नव्हता. हे लिहून ठेवतो.

त्या गुरुवारी सकाळी तू एका कॉन्स्टेबलला घेऊन दुचाकी चोरीतल्या एका माणसाला आणायला गेलास. एका खोलीचं घर. तो दारातच भेटला, येतो म्हणाला. बायकोला सांगून येऊ का, असं त्यानेच विचारलं. कॉन्स्टेबलच्या जबाबात पुढचं वाक्य असं आहे की सरांनी घड्याळ बघितलं आणि जा म्हणाले. तो मिनिटाच्या आत बाहेर आला. तू गाडीकडे वळला होतास. त्याने दोन वार केले. कॉन्स्टेबलने त्याला तिथेच धरलं. तू रुग्णालयात पोचण्याआधी गेलास. ज्या खोलीत तो बायकोला सांगायला गेला होता, त्या खोलीत कोणीच नव्हतं.

तुझ्या त्या मिनिटाला काय म्हणायचं ते खात्याची चौकशी ठरवेल. मला विचारलं तर मी म्हणेन, तू चुकलास. हे वाक्य तुला समोर बसून ऐकवायला मला आवडलं असतं, कारण त्यावर तुझ्याकडे उत्तर असतं आणि ते मला मिळालं असतं.

मला रुग्णालयातून फोन आला तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन करणारा तिथला जुना कर्मचारी आहे. त्याचा शब्द आजवर खोटा ठरलेला नाही. तो "बिरादार साब नहीं रहे" एवढंच म्हणाला. मी कागद ओढून तुझं नाव लिहिलं. आणि मग मी तेच केलं जे पंचवीस वर्षं करत आलो आहे. दुसरीकडून खात्री करायला लागलो. वरिष्ठांच्या कार्यालयात फोन लागेना. ठाण्यात कोणी उचलेना. तिसरा नंबर, चौथा नंबर. शेवटी नियंत्रण कक्षातल्या एकाने हो म्हटलं. एकोणीस मिनिटं झाली होती अकरा वाजून. मधल्या चौदा मिनिटांत बातमी खोटी असेल असं मला एकदाही वाटलं नाही. तरीही मी फोन लावत राहिलो.

दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर ती चौदा मिनिटं बरोबर होती.

नियंत्रण कक्षातल्या त्याच माणसाला मी तुझा प्रश्न विचारला. घरी कोणी सांगितलं? तो म्हणाला, सगळे मोठे साहेब रुग्णालयात आहेत, तिथलं आटोपलं की दुपारी कोणीतरी जाईल. त्यात त्यांचा दोष नाही. अशा वेळी हेच काम मागे राहतं, हे तू मला पूर्वीच सांगितलं होतंस. आणि हे काम मागे राहू न देणारा त्या ठाण्यातला माणूस तूच होतास.

संपादकांना मी नाव थांबवायला सांगितलं. त्यांनी लगेच मान्य केलं. आपण थांबवू, ते म्हणाले, पण चॅनेलवाले थांबणार नाहीत. मी स्कूटर काढली. कुठे जायचं हे ठरवायला मला क्षणही लागला नाही. वहिनींच्या शाळेत. वर्गावर असताना त्या फोन बंद ठेवतात, पण मधली सुट्टी होईल, त्या फोन सुरू करतील, आणि मग कोणाचा तरी निरोप त्यात पडलेला असेल. ते टाळायचं होतं. माझा सगळा विचार निरोपांचा, बातम्यांचा, शब्दांचा होता. आईंचा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला ठेवला, कारण आईंना तेलुगू येत नाही. फोटो नावाची गोष्ट असते, हे पेपरात जन्म गेलेल्या माणसाला आठवलं नाही.

मुख्याध्यापिकांनी वहिनींना बोलावून घेतलं. त्या आल्या तेव्हा हाताला खडू होता आणि वर्गातलंच काहीतरी डोक्यात होतं. मला बघून थांबल्या. तू शिकवलेलं अर्धंच मला जमलं. पाणी मागायचं विसरलो. बसा म्हणायचंही विसरलो, ते मुख्याध्यापिका म्हणाल्या. पहिलं वाक्य मात्र नीट आलं.

"वहिनी, रघुनाथ गेला. आज सकाळी, कामावर असताना. एकाने चाकू मारला."

त्या बसल्या. हात पदराला पुसले. मग तीन गोष्टी विचारल्या. कुठे? रुग्णालयात नेलं तेव्हा जीव होता का? सोबत कोण होतं? मी तिन्हींची उत्तरं दिली. कॉन्स्टेबलला काही लागलं का, हे चौथं त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं, त्याला लागलेलं नाही. त्या रडल्या नाहीत. मुख्याध्यापिका रडत होत्या. वहिनी त्यांना म्हणाल्या की सहावीच्या वर्गावर कोणाला तरी पाठवा, फळ्यावर उदाहरण अर्धं आहे. मी जी रीत तुझ्याकडून वीस वर्षांपूर्वी शिकलो, ती त्या तेव्हापासून घरात ऐकत आल्या होत्या. मी काय करायला आलो आहे आणि ते कसं करतो आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मग एकदम त्यांनी वर पाहिलं.

"आईंचा टीव्ही चालू असेल."

स्कूटर तिथेच ठेवून आम्ही ऑटो केला. वहिनींनी पर्समधून फोन काढला आणि सुरू न करता हातात धरला. शेजारच्या पद्माला फोन करून टीव्ही बंद करायला सांगू का, असं मला विचारलं आणि स्वतःच नको म्हणाल्या. टीव्ही कशाला बंद करायचा हे पद्माला सांगावं लागेल, आणि मग आईंना ते पद्माच्या तोंडावरून कळेल. दहा मिनिटांचा रस्ता. पुलाखाली गर्दी होती. ऑटोवाल्याने घाई कसली म्हणून विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "सास के पास जाना है." संपादकांचा दोनदा फोन आला. झालं का? मी म्हटलं, अजून नाही.

गल्लीत बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या. तुमच्या दारात कोणी नव्हतं. मी हे पाहिलं आणि मला कळलं. वहिनींनीही पाहिलं असणार.

दार उघडं होतं. टीव्ही बंद होता. नुसता बंद नव्हता, प्लग काढून वायर गुंडाळून वर ठेवलेली. आई दिवाणावर बसल्या होत्या. केस नीट बांधलेले, हात मांडीवर. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वहिनी अशा अवेळी कशा आल्या हेही विचारलं नाही. शाळा लवकर सुटली असेल असं वाटलं असेल, किंवा काहीच वाटलं नसेल.

"सुलू, चप्पल काढ अन् माझ्यापाशी येऊन बस," त्या म्हणाल्या. "तुला एक सांगायचंय."

वहिनींनी चप्पल काढली. वळून माझ्याकडे एकदा पाहिलं. आपल्याला आधीच कळलंय असं त्या आता आईंना सांगतील, असं मला वाटलं. त्या बोलल्या नाहीत, आणि मी बोलायचं नाही हे त्या नजरेत होतं. जाऊन आईंच्या शेजारी बसल्या. आईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आपला रघू गेला, बाई."

पहिल्याच वाक्यात, बिरादार. कोणी शिकवलं नव्हतं. कदाचित तू त्यांच्याकडूनच शिकला असशील. हे मी तुला कधी विचारलं नाही.

वहिनींनी विचारलं, कुठे? आई म्हणाल्या, कामावर. टीव्हीत तुझा फोटो दाखवला, भोवती काळी चौकट होती, खाली काय लिहिलं होतं ते ठाऊक नाही, पण तशी चौकट कोणाला घालतात ते इतक्या वर्षांत कळलंय. वहिनींनी पुढचं काही विचारलं नाही. शाळेत मी एवढं सगळं सांगितलं, वेळ, जागा, सोबत कोण, तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. ऑटोत कोरडे होते. आता त्या आईंच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडल्या. आईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग त्याही रडल्या. मी पायरीवर येऊन बसलो. तुझे साहेब आले तेव्हा तीन वाजले होते.

आपल्याला आधीच कळलं होतं हे वहिनींनी आईंना अजून सांगितलेलं नाही. पुढेही सांगणार नाहीत. हा लेख लिहू का, असं मी त्यांना परवा विचारायला गेलो. आईंनी वाढलेलं जेवलो, त्यांनी भाकरी मोजल्या नाहीत आणि मीही मोजल्या नाहीत. दारापर्यंत सोडायला आलेल्या वहिनी म्हणाल्या, लिहा, त्यांना कळायला हवं. त्यांना म्हणजे तुला. फक्त आईंना हा लेख कोणी वाचून दाखवू नका म्हणाल्या. ज्यांच्या हातात हे पडेल त्यांना माझीही तीच विनंती आहे.

तुझे आभार मानायला मला आजवर जमलं नव्हतं. मी मानले असते तर तू प्रेस नोट काढू का म्हणून विचारलं असतंस. गेल्या वीस वर्षांत किती घरांना त्यांच्या माणसाची बातमी माझ्या पेपराच्या आधी मिळाली, याची नोंद कुठे नाही. ती माणसं मला ओळखत नाहीत. सकाळी पेपर उघडताना आपण कशातून वाचलो हे त्यांना कधी कळणार नाही. मी मात्र ते नाव थांबवलेलं असायचं, आणि रात्री घरी जाऊन झोपू शकायचो. ती झोप तू दिलेली होती. तुझ्या स्वतःच्या घरी मी चौदा मिनिटं उशिरा निघालो आणि आधी चुकीच्या दाराशी गेलो. हेही तुला सांगायला हवं होतं.

पद्मा मला दुसऱ्या दिवशी भेटली. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत माझ्या वहीत आहे, तेलुगूत आणि मध्येमध्ये हिंदीत. साडेअकराला तिने तिच्या घरी टीव्हीवर तुझा फोटो पाहिला आणि धावत तुमच्याकडे आली. आई उभ्या होत्या, प्लग त्यांच्या हातात होता. त्यांना कळलंय हे तिने ओळखलं आणि ती रडायला लागली. आईंनी तिला गप्प केलं. मग बाहेर येऊन गल्लीतल्या सगळ्यांना हाताने जवळ बोलावलं आणि मोडक्या हिंदीत बजावलं की सुलूच्या शाळेत कोणी फोन करायचा नाही, इथे दारात कोणी थांबायचं नाही, ती चार वाजता घरी येते, तिला मी सांगते. मग आत गेल्या, केस बांधले आणि दिवाणावर जाऊन बसल्या.

चार वाजायला तेव्हा साडेचार तास होते.